न पाहिलेल्या पायाचे औषध

वैद्याने परीक्षण करावे, निदान सांगावे आणि मग रुग्णाने औषध घ्यावे, हा क्रम आपण सर्वांनी गुरुजनांकडून शिकलो. गेल्या काही वर्षांत तो पुष्कळ ठिकाणी उलटा झाला आहे. रुग्ण निदान घेऊन येतो, औषधाचे नावही घेऊन येतो आणि वैद्याला किंवा औषधालयाच्या मालकाला केवळ मात्रा विचारतो. लकडगंजसारख्या भागात आरागिरण्यांतील कामगार, लाकूड बाजारातील हमाल, दिवसभर गादीवर बसणारे व्यापारी आणि दिवसभर उभ्या राहणाऱ्या गृहिणी हे आपले नित्याचे रुग्ण. त्यांच्यात हा उलटा क्रम एका तक्रारीच्या बाबतीत सर्वांत अधिक दिसतो. ती तक्रार म्हणजे पाय दुखणे. "मोबाईलमध्ये पाहिलं जी, गृध्रसी लिहून आहे, त्याची गोळी द्या," हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे आता नवल वाटेनासे झाले. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आंतरजालावर आरोग्याविषयी प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाची थट्टा करण्याची रीत आपल्या व्यवसायात पडली आहे. आम्हांस ती मान्य नाही. रात्री दोन वाजता पोटरीत कळ येऊन जागा झालेला मनुष्य विचारणार तरी कोणाला? शासकीय रुग्णालयाच्या रांगेत उभे राहावे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. खासगी तज्ज्ञाकडे जावे तर त्यांच्या शुल्कापेक्षा पुढच्या तपासण्यांच्या यादीचे भय अधिक. घरातील सून मांडीतले दुखणे सासऱ्यांसमोर सांगत नाही, आणि पुरुष वैद्यासमोर पाय उघडा करण्याचा संकोच शहरातही संपलेला नाही. ज्याच्या मनात कर्करोगाची शंका आहे, त्याला तो शब्द जिवंत माणसासमोर उच्चारण्यापेक्षा यंत्रात लिहिणे सोपे जाते. शिवाय एक कारण आपल्यालाच झोंबणारे आहे. यांपैकी कित्येकांनी आधी आपल्यातील कोणाला तरी दाखविलेले असते आणि तेथे त्यांचे बोलणे पुरते ऐकूनही घेतलेले नसते.

तेव्हा प्रश्न विचारणे हा रुग्णाचा अपराध मानण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप उत्तरावर आहे, आणि विशेषतः पाय न पाहता दिलेल्या उत्तरावर. पडसे, अम्लपित्त, मलावष्टंभ यांत दुरून दिलेला सल्ला बहुधा निभावून जातो. पायाच्या दुखण्यात तो निभावेलच याची खात्री देता येत नाही, कारण अगदी किरकोळ आणि अगदी जीवघेणे असे दोन्ही विकार तेथे एकाच वाक्याने सांगितले जातात.

‘पाय दुखतो’ या दोन शब्दांत आपल्या शास्त्राने किती व्याधी वेगळे केले आहेत ते आठवावे. गृध्रसी, खल्ली, वातकंटक, पादहर्ष, पाददाह, क्रोष्टुकशीर्ष, वातरक्त, आमवात, ऊरुस्तंभ, श्लीपद, अस्थिमज्जागत वात. यांची चिकित्सा एक नाही. काही ठिकाणी तर ती परस्परविरुद्ध आहे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात वातव्याधी आणि वातरक्त यांच्या आधी ऊरुस्तंभाला स्वतंत्र अध्याय दिला, तो उगाच नव्हे. वाताचे दुखणे समजून ऊरुस्तंभात स्नेहन केले तर व्याधी वाढतो. वमन, विरेचन, बस्ती तेथे वर्ज्य सांगितले असून कफ आणि आम यांचे शोषण करणारी रुक्ष चिकित्सा सांगितली आहे. साम आमवातात तेल चोळल्याने काय होते, हे तर आपल्यातील प्रत्येकाने पाहिले आहे. तेथे लंघन आणि वालुकास्वेद आधी. आता आंतरजालावर पायदुखीचा आयुर्वेदिक उपाय शोधून पाहावा. तेल कोमट करून खालून वर चोळावे, हे उत्तर पहिल्या काही ओळींतच भेटते. ज्या अवस्थेत आचार्यांनी तेल नको म्हणून सांगितले, त्या अवस्थेतही आयुर्वेदाच्या नावाने तेल चोळले जात आहे. दोष मात्र शेवटी शास्त्राच्या माथी येतो.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही परीक्षेची तीन साधने. आंतरजालावरील सल्ल्यात प्रश्न असतो, पण तोही एकतर्फी. रुग्ण जे सांगायचे विसरला ते खोदून विचारणारा समोर नसतो. छायाचित्र पाठविले तर दर्शन अर्धेमुर्धे होते. स्पर्शन मात्र मुळीच नाही. पायाच्या बाबतीत निर्णय बहुधा त्यावरच होतो.

आमच्याकडे आलेल्या एका बाळंतिणीचे उदाहरण देतो. शस्त्रक्रियेने प्रसूती होऊन तीन आठवडे झाले होते. डावी पोटरी दुखत होती, थोडी सूज होती. घरच्यांनी फोनवर शोध घेतला. बाळंतपणातील वात आहे, तेल जिरवावे, शेकावे, असे उत्तर मिळाले. ते आपल्या घरांतील परंपरेशी जुळणारे असल्यामुळे कोणाला शंका आली नाही. मालिशवाल्या बाईंना त्या पायाला जरा जोर लावायला सांगण्यात आले. दोन दिवसांत दुखणे वाढले, तेव्हा सासूबाई तिला घेऊन आमच्याकडे आल्या. त्याही महानारायण तेल कोणते चांगले, हे विचारण्यासाठी. आम्ही फीत घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटीमीटर खाली डावी पोटरी उजवीपेक्षा चार सेंटीमीटरने अधिक भरली. स्पर्श उष्ण होता, बोट दाबल्यावर खळगा राहत होता. "मग तेल कोणतं लिहून देता, डॉक्टर?" असे सासूबाईंनी विचारले. "काकू, तेल राहू द्या. रिक्षा सोडली का? थांबवून ठेवा," एवढेच आम्ही म्हणालो. रुग्णालयातील डॉप्लर तपासणीत खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. रक्त पातळ ठेवणारी औषधे वेळेवर सुरू झाली आणि मायलेकरे सुखरूप राहिली.

प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे अशा गुठळीला विशेष अनुकूल असतात. मोठी शस्त्रक्रिया, अस्थिभंगामुळे अंथरुणावर पडून राहणे, कर्करोग, लांबचा बसून केलेला प्रवास हीदेखील तिची कारणे. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर मृत्यू काही मिनिटांतही येऊ शकतो. त्या पोटरीला जोराने मर्दन करणे म्हणजे ती गुठळी सुटण्यास हातभार लावणे होय. सूतिकेला अभ्यंग हे आपले वैभव आहे आणि ते सोडा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण एकाच पायाला सूज असलेल्या सूतिकेला अभ्यंग नको, हे आपल्या प्रत्येक मालिशवालीला ठाऊक असले पाहिजे. ते तिला कोण सांगणार? आंतरजाल तर सांगत नाही. येथे निदानाची दिशा कळण्यास मोठी विद्वत्ता लागली नाही, शिंप्याची फीत लागली.

तीच गोष्ट धमनीची. आपल्या भागात खर्रा आणि विडी यांचे प्रमाण किती आहे हे सांगण्याची गरज नाही. ऐन चाळिशीतील विडी ओढणारा पुरुष, चालताना पोटरी भरून येते, उभा राहिला की दोन मिनिटांत उतरते, पुन्हा चालला की पुन्हा भरते. यंत्राने त्याला कंबरेच्या मणक्याचे नाव सांगितलेले असते, आणि तेही अगदीच निराधार नसते, कारण मणक्याच्या विकारातही चालताना पाय भरून येतात. या दोहोंतील भेद पावलाच्या पाठीवरील आणि घोट्यामागील नाडीवर बोटे ठेवल्याखेरीज कसा कळावा? ती नाडी लागत नसेल, पाऊल गार असेल, अंगठ्याचा रंग बदललेला असेल, तर गुग्गुळ कल्पांचा विचार नंतर. रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी आधी. नाडीपरीक्षेचा अभिमान बाळगणाऱ्या आपण वैद्यांनी मनगटाच्या नाडीबरोबर पावलाची नाडीही पाहावी, असे आम्हांस अनेक वर्षांपासून वाटते. मधुमेह्याच्या पाददाहात आणखी एक धोका असतो. ज्या पावलाला स्पर्शाची जाणीव राहिलेली नाही, त्याला घरच्या घरी गरम पाण्याची पिशवी लावली की फोड येतो, फोडाचे व्रण होते आणि पुढची वाट सर्वांना माहीत आहे.

गृध्रसी तरी दुरून ओळखता येते का? सुश्रुताचार्यांनी पाय उचलण्यास होणारा अवरोध हे तिचे लक्षण सांगितले. आजही रुग्णाला उताणे निजवून सरळ पाय उचलण्याची परीक्षा सर्वत्र केली जाते. आणि ती खरोखर गृध्रसी असली तरी दोन प्रश्न राहतात: मूत्रप्रवृत्तीस अडते काय, आणि बसण्याची जागा बधिर झाली आहे काय. यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले तर तो रुग्ण त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पोहोचला पाहिजे, अन्यथा पाय आणि मूत्राशय दोन्ही कायमचे जाण्याचा संभव असतो. हे प्रश्न रुग्ण आपणहून सांगत नाही. लाज वाटते, किंवा पायदुखीशी त्याचा संबंध आहे हेच त्याला माहीत नसते.

आतापर्यंत स्पर्शाविषयी लिहिले. याहून महत्त्वाचा मुद्दा देशाचा आहे. चरकाचार्यांनी ‘देश’ शब्दाने भूमी आणि रुग्ण असे दोन्ही घेतले आहेत. अमुक रुग्ण कोणत्या भूमीत जन्मला, कोठे वाढला, तेथे लोकांचा आहार काय, तेथे कोणते व्याधी आढळतात, हे पाहूनच चिकित्सा करावयाची. आंतरजालावरील उत्तराला देशच नसतो. ते बहुधा परदेशातील रुग्णांना समोर ठेवून लिहिलेले आणि मग मराठीत किंवा हिंदीत उतरविलेले असते. आपल्या विदर्भाच्या पायाला मात्र स्वतःची अशी दुखणी आहेत.

त्यांत पहिले सिकलसेल. भंडारा जिल्ह्यातून कामासाठी आलेल्या एका आरागिरणी कामगाराचा नऊ वर्षांचा मुलगा वारंवार पाय दुखतात म्हणून रडत असे. आईने फोनवर शोधले तेव्हा ‘वाढीचे दुखणे’ असे उत्तर मिळाले, कॅल्शियमची बाटली आली, मग लाक्षादि गुग्गुळाची चौकशी करीत ती एका औषधालयात गेली. त्या औषधालयाच्या मालकांनी औषध न देता तिला आमच्याकडे पाठविले, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. मुलाचे डोळे किंचित पिवळे होते, तळवे फिके होते, दुखणे पावसात भिजल्यावर आणि थंडीत वाढत होते, आणि त्याच्या चुलतभावालाही असेच होत असे. शासकीय रुग्णालयातील तपासणीत सिकलसेलचे निदान झाले. वाढीच्या दुखण्याविषयी जे लिहिलेले होते ते ज्या देशात हा व्याधी क्वचितच आढळतो तेथे चुकीचे ठरले नसते. येथे ते चुकीचे होते.

भारतात हा व्याधी १९५२ साली प्रथम नीलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदविला गेला. पुढे विदर्भात त्याचा प्रसार किती आहे ते उघड झाले. तो कोणा एका जमातीचा व्याधी नाही. आपल्याकडे आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर समाजांतही तो आढळतो. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून या रुग्णांसाठी दीर्घकाळ काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या व्याधीचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. इतके सर्व असूनही लकडगंजातील एका आईच्या फोनला हा शब्द सुचला नाही.

आपल्यासाठी यात एक विशेष सावधगिरीची बाब आहे. शरीरातील पाणी कमी होणे हे सिकलसेलच्या तीव्र वेदनेचे एक प्रसिद्ध कारण आहे. न ओळखलेल्या अशा रुग्णाला पायदुखीसाठी तीव्र विरेचन दिले तर आपण स्वतःच त्या वेदनेला आमंत्रण देऊ. तेव्हा विदर्भातील मूल किंवा तरुण हातपाय दुखण्याची तक्रार घेऊन आला, आणि सोबत पांडुता किंवा कामला असेल, तर शोधनाचा विचार करण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. मेयो आणि मेडिकल आपल्यापासून दूर नाहीत. तरुणाचा गुडघा दुखतो आणि गुडघ्यात काहीच सापडत नाही, तेव्हा खुबा पाहावा. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा या व्याधीत तुटतो, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांतही तुटतो, आणि दुखते मात्र गुडघ्यात.

श्लीपदाचे तर नावच घ्यावयास नको, इतके ते आपल्या परिचयाचे. हत्तीरोग निर्मूलनासाठी तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम देशात सुरू झाली, तेव्हा प्रथम निवडलेल्या मोजक्या जिल्ह्यांत नागपूर होते आणि २०१९ च्या आरंभी येथे ती राबविली गेली. पायाला वारंवार ताप-गाठीसह सूज येणारा येथील रुग्ण आणि थंड प्रदेशातील सुजलेल्या पायाचा रुग्ण यांना एकच उत्तर कसे लागू पडावे? यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील फ्लोराइडमुळे सांधे आणि पाय आखडतात. तेथील रुग्णाला गुग्गुळाआधी गावातील विहीर विचारावी लागते.

आता औषधालयाच्या मालकांशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. आयुर्वेदीय औषधांच्या केवळ विक्रीसाठी आपल्या देशात अ‍ॅलोपॅथीच्या दुकानांप्रमाणे परवाना लागत नाही. त्यामुळे रुग्ण आणि औषध यांच्यामध्ये बहुतेक वेळा आपण एकटेच उभे असता. पायदुखीसाठी यंत्र ज्या कल्पांची नावे सांगते, त्यांतील कित्येक कुपीलु, वत्सनाभ, भल्लातक अशा द्रव्यांचे आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये ही द्रव्ये विषारी म्हणून नोंदलेली आहेत आणि अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. सूचना छापलेली असते, ती वाचून दाखविणारा नसतो. विषतिंदुक वटीची मात्रा एका गोळीने बरे वाटत नाही म्हणून रुग्णाने स्वतःच दुप्पट-तिप्पट केली, तर काय होईल हे आपणांस सांगण्याची गरज नाही.

आंतरजालावरील विक्रीविषयीही आपण केवळ संतापून भागणार नाही. २००८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्या वेळी आपल्या सभांतून तीव्र निषेध झाला, आणि भस्मे व अशुद्ध धातू यांत त्यांनी भेद केला नाही, हा आक्षेप योग्यही होता. परंतु ज्या उत्पादनांचा रसशास्त्राशी संबंधच नव्हता, त्यांतील काहींतही हे धातू निघाले होते. त्याचे उत्तर आपल्याजवळ नव्हते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांधेदुखीसाठी नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘आर्ट्री किंग’ नावाच्या गोळ्यांविषयी इशारा दिला; त्यांत वेष्टनावर न लिहिलेले डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन सापडले होते. ते उत्पादन आयुर्वेदीय नव्हते. पण ‘दोन दिवसांत आराम’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्या आपल्या परिसरातही फिरतात, आणि त्या घेऊन चेहरा सुजलेले, रक्तशर्करा वाढलेले रुग्ण आपण पाहतो. ज्या वातहर औषधाने दोन दिवसांत जादू केली, त्याकडे वैद्याने आनंदाने पाहू नये, संशयाने पाहावे.

वैद्यबंधूंचा वाटाही यात लहान नाही. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या आरंभी, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि त्याच धर्तीवर एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी वैद्यांसाठी ती काढली. त्या काळात ती आवश्यकच होती. गोंदिया-बालाघाटकडील आपल्या जुन्या रुग्णांना पथ्य आणि मात्रा फोनवरून सांगता आली, आजही सांगावी. पण प्रत्यक्ष तपासणी आवश्यक आहे की नाही हे ठरविण्याची जबाबदारी त्या तत्त्वांनी वैद्यावर टाकली आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरलो. अनोळखी माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर पायाचे छायाचित्र पाठवावे आणि आपण खाली चार औषधांची नावे लिहून मोकळे व्हावे, याला दूरवैद्यक म्हणत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे पदवीधर वैद्यांनी स्वतःच तयार केलेल्या चित्रफिती: ‘कोणतीही पायदुखी सात दिवसांत’. ‘कोणतीही’ हा शब्द ज्याने त्रिविध परीक्षा शिकली आहे त्याच्या तोंडी कसा येतो? १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या अनुसूचीत ऱ्हुमॅटिझम आहे, पक्षाघात आहे, गँगरीन आहे, कर्करोगही आहे, एवढे तरी लक्षात असू द्यावे.

कर्करोगाचा उल्लेख आला म्हणून थोडे. गंभीर व्याधीचे निदान झालेल्या घरातील माणसे रात्र-रात्र फोनवर शोध घेत असतात. ती औषध शोधतात असे आपल्याला वाटते. आमचा अनुभव असा की, ती बहुधा ‘शस्त्रक्रिया टाळता येईल’ असे म्हणणारा एखादा आवाज शोधत असतात. वाढत्या वयाच्या मुलाच्या गुडघ्याजवळ सूज, रात्री वाढणारे दुखणे, वजन घटणे ही हाडाच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात आणि तेथे प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. तुकडोजी कर्करोग रुग्णालयाची वाट दाखविण्याऐवजी त्या घराला आयुर्वेदाच्या नावाने कोणी तीन महिने थांबवून ठेवले, तर ते तीन महिने परत आणता येत नाहीत. अशा रुग्णाची अग्निमांद्य, निद्रानाश, दौर्बल्य यांसाठी सेवा करण्यास आपल्याला पुष्कळ वाव आहे. तो मुख्य चिकित्सेच्या सोबतीने घ्यावा.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, हल्ली प्रश्नोत्तरे करणारी जी नवी यंत्रे आली आहेत, ती ‘एका पायाला सूज असेल तर त्वरित डॉक्टरांना दाखवा’ असे पुष्कळदा लिहितात. आपल्यातील काहीजण तेवढेही सांगत नाहीत. मात्र यंत्राने लिहिलेले ते वाक्य दहा उपायांच्या यादीखाली दहाव्या क्रमांकावर असते, आणि रुग्ण पहिल्या उपायाला तेल गरम करावयास उठलेला असतो.

‘पाय पाहिल्याशिवाय पायदुखीचे पोटातील औषध मिळणार नाही’ अशी पाटी आपल्या भागातील औषधालयांनी लावावी, असे आम्ही गेल्या बैठकीत सुचविले होते. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हा आक्षेप तेथेच आला. तो खरा आहे. पण स्वस्त भावाच्या स्पर्धेत घरपोच विक्री करणाऱ्यांशी आपली औषधालये टिकणार नाहीत, हेही तितकेच खरे. त्यांच्याजवळ सवलत आहे, हात नाही. ज्या औषधालयात संध्याकाळी तासभर वैद्य बसतो आणि पाय उघडा करून पाहतो, तेथे गिऱ्हाईक पुन्हा येते, हे इतवारीत आणि आपल्याकडेही काही मालकांनी अनुभवले आहे. स्त्रियांसाठी वैद्याच असाव्यात. आपल्या सभासदांत त्यांची संख्या चांगली आहे. आठवड्यातून दोन दिवस वाटून घेतले तरी भागेल.

ही व्यवस्था होईपर्यंत लकडगंज, बगडगंज आणि वर्धमाननगर भागातील औषधालयांनी पायदुखीचे रुग्ण मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी सहा ते आठ या वेळात आमच्याकडे पाठवावेत. तपासणीचे शुल्क घेतले जाणार नाही, आणि औषध त्याच औषधालयातून घेण्याविषयी चिठ्ठी दिली जाईल. सोबत पाठवावयाच्या कागदावर रुग्णाचे वय, गाव आणि त्याने आधी घेतलेली औषधे एवढेच लिहावे. व्याधीचे नाव लिहू नये. फक्त एकाच पायाला सूज असलेला रुग्ण, लघवी अडलेला रुग्ण, आणि पाऊल गार किंवा काळे पडलेला रुग्ण आमच्याकडे पाठवू नये. त्याला तेथूनच रिक्षा करून मेयोत पाठवावे.